दोन विटांवरची ट्रंक

आमच्या घरात सोनं किती आहे हे कुणी विचारलं तरी मी सांगत नाही, आणि बैलांचा साज किती आहे हे कुणी न विचारता सांगते. दोन झुली, दोन घुंगरमाळा, शिंगांच्या पितळी शेंब्या, कवड्यांचे पट्टे आणि लोकरीचे गोंडे. बैल एकही नाही. हौश्या आणि पाखऱ्या ही आमची शेवटची जोडी. ती ज्या रानात नांगराला चालायची तिथं आता काचेची इमारत आहे, आणि त्या इमारतीत माझा नातू ऋषी कॉम्प्युटरपुढं बसतो. म्हणजे आमच्या घराण्यातला पोरगा अजून रोज त्याच रानात राबायला जातो, फक्त हाताला माती लागत नाही एवढंच.

हा सगळा साज एका पत्र्याच्या ट्रंकेत असतो. ट्रंक माझ्या सासूची, आनंदीबाईंची. झुलीही तिनंच शिवलेल्या. लाल कापडावर भिंगं आणि कवड्या, कडेनं पिवळा गोट, आणि आतून अस्तर तिच्या स्वतःच्या जुन्या लुगड्याचं. सासू माझ्याशी कधी गोड बोलली असं मला आठवत नाही. पण ट्रंक कशी ठेवायची हे शिकवताना मात्र तिनं एकदाही आवाज चढवला नाही. डांबराच्या गोळ्या घालायच्या नाहीत. वेखंडाची पुरचुंडी घालायची आणि सावलीत वाळवलेला लिंबाचा पाला. झूल गुंडाळायची ती जुन्या, धुऊन मऊ झालेल्या धोतरात. नव्या कापडाला खळ असते आणि खळीला कसर लागते. घुंगरमाळेच्या चामड्याला एरंडेलाचा हात द्यायचा, पितळ चिंचेनं घासून पुरतं कोरडं करायचं. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे दरवर्षी पोळ्याला घडी मोडायची. या वर्षी जिथं घडी पडली तिथं पुढच्या वर्षी पाडायची नाही. कापड एकाच घडीवर पडून राहिलं की तिथंच फाटतं.

सासू गेली, मालक गेले, बैल गेले, रान गेलं. घडी मोडायची मी सोडली नाही. झूल ठणठणीत आहे, माझ्यापेक्षा ठणठणीत.

आता आम्ही हडपसरलाच, पण उंच इमारतीत राहतो. मुलगा रंगराव, त्याची बायको कौशल्या, ऋषी आणि ऋषीची बायको शेफाली. शेफाली वर्ध्याकडची. तीही कॉम्प्युटरवालीच. लग्नात तिच्या माहेरचे लोक पाहून आमच्या भावकीतल्या बायका म्हणाल्या की लांबची पोरगी केलीत. मी म्हटलं, जवळच्या केल्या त्यांनी काय दिवे लावले ते बघतेच आहे मी. तेव्हापासून भावकी माझ्यापुढं लग्नाचा विषय काढत नाही.

यंदा रंगरावानं घराचं फर्निचर नवं करायला काढलं. समर्थ नावाचा एक गुळगुळीत पोरगा हातात पाटीसारखा टॅब घेऊन यायचा आणि आमचंच घर आम्हाला त्यात दाखवायचा. मी निरखून बघितलं. दिवाणखाना होता, टीव्ही होता, भिंतीवर लाकडाच्या पट्ट्या होत्या, कोपऱ्यात खोटं झाड होतं. माझी ट्रंक नव्हती. मी विचारलं तर समर्थ म्हणाला, आजी, ती थीममध्ये बसत नाही. मी म्हटलं, बाळा, ती बसलेलीच आहे, तुझी थीम आत्ता आली.

रंगराव त्या दिवशी हसला. पण श्रावण संपत आला तसं एका दुपारी जेवताना त्यानं खरं काय ते काढलं. गावच्या देवळाच्या ट्रस्टनं नवा हॉल बांधलाय. त्यात जुन्या वस्तूंसाठी काचेचं कपाट केलंय. ट्रस्टचे दत्तोबा मागं लागलेत की तुमचा साज द्या, खाली गेनबांचं नाव घालू. गेनबा म्हणजे आमचे मालक. रंगरावानं शब्द देऊन टाकला होता. यंदाचा पोळा घरात करायचा, आणि पोळा झाला की ट्रंक हॉलवर पोचवायची. तिथं सुरक्षित राहील, चार माणसं बघतील, घरातही जागा होईल. सगळं पटण्यासारखं होतं, म्हणून मला जास्त राग आला.

हात जोडून मागायची मला सवय नाही, आणि या वयात लावून घ्यायची इच्छाही नाही. एवढंच म्हटलं, की भिंतीची मापं घ्यायला ट्रंक हलवणार असशील तर खाली दोन विटा घाल, फरशीवर ठेवू नकोस. तो म्हणाला, आई, आता फ्लॅटमध्ये विटा कुठनं आणू? विटा, वाळू, सिमेंटचं दुकान आहे त्याचं. अर्ध्या हडपसरच्या भिंती त्याच्या विटांच्या, आणि आईला द्यायला दोन नाहीत. ट्रंक त्यानं स्वतःच ढकलत मागच्या बाल्कनीत नेली आणि कपडे धुवायच्या मशीनशेजारी टेकवली. थेट फरशीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरली आणि विश्रांतवाडीला धाकट्या बहिणीकडं, शालूकडं निघाले. शालूचा गुडघा दुखतोय असं सांगितलं. तो गेली कित्येक वर्षं दुखतोय. कौशल्या दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, आत्याबाई, राग घेऊन जाऊ नका. मी म्हटलं, रागाला वेगळं तिकीट पडत नाही, राहू दे सोबत.

शालूकडं चार दिवस राहिले. तिनं माझी बाजू घेतली, मग तिच्या सुनेनं रंगरावाची घेतली, मग शालूनंही थोडी रंगरावाची घेतली, तेव्हा मी परत निघाले. तो दिवस श्रावणातल्या अमावस्येचा होता. आमच्याकडं त्या अमावस्येला काही नसतं. आमचा पोळा भादव्यातला, पुढच्या अमावस्येचा. महिनाभर अवकाश होता, आणि त्या महिन्याभरात रंगरावाचं डोकं ताळ्यावर कसं आणायचं याचा विचार करत मी बसमध्ये बसले होते.

दार शेफालीनं उघडलं. अंगावर नऊवारी नाही पण चांगली साडी, कपाळाला कुंकू, आणि घरभर पुरण शिजल्याचा वास. मी आत आले आणि दिवाणखान्यात थबकले.

ऋषीची एक व्यायामाची सायकल आहे. जागच्या जागी चालते, कुठं जात नाही. ती पंख्याखाली मधोमध उभी होती आणि तिच्या पाठीवर माझ्या सासूची झूल पसरलेली. हँडलच्या दोन्ही टोकांना पितळी शेंब्या. पुढं घुंगरमाळ. आणि सायकलच्या पायाशी पाटावर एक हातभर उंचीचा लाकडी बैल, चार चाकांवर उभा, कपाळाला हळदकुंकू लावलेला, पुढं पुरणपोळीचं ताट.

ऋषी सोफ्यावर होता. मला बघून तो उठला आणि बाथरूमकडं निघाला. नवरे सगळे सारखेच.

"हे कुणी काढलं?" मी विचारलं.

"मी, आजी," शेफाली म्हणाली. "आज पोळा राहते ना."

मी पिशवी खाली ठेवली. आवाज चढवला नाही, सासूसारखाच. तिला विचारलं, की बाई, आज कुणाचा पोळा? तेव्हा तिचं तोंड उतरलं. तिच्या माहेरी पोळा श्रावणातल्या अमावस्येला. लहानपणापासून त्याच दिवशी. इथं भादव्यात असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाला तिच्या दीडच वर्ष झालेलं, आणि मागच्या पोळ्याला ती सबंध दिवस कानात यंत्र घालून कामाच्या मीटिंगमध्ये होती, म्हणून दिवसाची गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती. दीड वर्ष घरात राहून पोरीला घरचा पोळा कधी हे माहीत नाही, आणि ट्रंक उघडायला मात्र हात पुढं. मी बोलले. जरा जास्तच बोलले. ही ट्रंक माझ्या माघारी कुणी उघडलेली नाही, माझ्या नवऱ्यानं नाही, पोरानं नाही. आणि ही सायकल म्हणजे बैल, तर मग ऋषीला जुंपा औताला.

कौशल्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, आत्याबाई, तिला आधी बोलू द्या.

शेफाली म्हणाली की तिनं सासऱ्यांचं जेवतानाचं बोलणं ऐकलं होतं. यंदाचा पोळा हा या घरातला शेवटचा, मग ट्रंक जाणार. आणि मी तर पिशवी घेऊन निघून गेले. तिला वाटलं, आजींना बघवणार नाही म्हणून त्या मुद्दाम पोळ्याच्या आधी गेल्या. मग निदान शेवटचा पोळा तरी चुकू नये.

"आणि सायकलवर कशाला?"

"ओली होती, आजी. दोरीवर टाकली असती तर चिमट्यांनी फाटली असती. घरात बैलाच्या पाठीएवढं उंच दुसरं काहीच नाही."

ओली म्हटल्यावर मी पुढं झाले आणि झुलीला हात लावला. वरून कोरडी, पण खालचा काठ गार आणि ओलसर. अस्तराच्या एका कोपऱ्यावर पांढरट-हिरवी बुरशी धरलेली. मशीनच्या नळीतून पाणी झिरपत होतं, ते फरशीवरून ट्रंकेखाली गेलं, आणि ट्रंकेच्या जुन्या तळाला जिथं गंज होता तिथून आत. शेफालीनं पहिली झूल काढली तेव्हा ती चांगली होती. खालची काढली तेव्हा धोतरासकट भिजलेली. मग तिनं पूजा बाजूला ठेवली, सगळं बाहेर काढलं, मऊ कुंच्यानं बुरशी झाडली, पंखा लावला आणि ऋषीला मशीनची नळी बंद करायला लावलं. शेंब्या हँडलला घालणं हे ऋषीचं डोकं. ते मला न सांगताही कळलं असतं.

मी सोफ्यावर बसले. माझा पोळा पुढच्या अमावस्येला. तोपर्यंत ट्रंक उघडली नसती. तोपर्यंत दोन्ही झुली त्या पाण्यात बसल्या असत्या, आणि मी भादव्यात झाकण उघडून हातात लगदा घेतला असता. या पोरीनं चुकीच्या दिवशी पोळा केला म्हणून सासूची शिलाई वाचली. हे मला कबूल करावं लागलं, पण मनात. तोंडानं मी एवढंच म्हटलं, पंखा जोरात नको, भिंगं उसवतील.

रंगराव दुकानातून आला तो सरळ झुलीकडं बघत उभा राहिला. त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा मान खाली घालेल. पण तो आमचाच पोरगा. म्हणाला, बघा, मी म्हणूनच म्हणतो, घरात या वस्तू टिकत नाहीत. हॉलमध्ये काचेत राहतील, पाणी नाही, बुरशी नाही. उद्याच दत्तोबांना सांगतो, घेऊन जा.

माझ्या जिभेवर सतरा गोष्टी आल्या. नळी कुणाची, ट्रंक तिथं कुणी नेली, विटा कुणी दिल्या नाहीत. पण त्या सगळ्या भांडणाच्या होत्या, आणि भांडणात रंगराव ऐकत नाही, लहानपणापासून. मी शब्द जुळवत होते तेवढ्यात शेफाली बोलली. ती सासऱ्यांशी फारशी बोलत नाही, डोक्यावर पदर नसला तरी आवाजावर असतो.

"बाबा, तिथं घडी कोण मोडणार?"

रंगराव म्हणाला, कसली घडी?

"दरवर्षी घडी बदलावी लागते. नाही तर झूल घडीवरच फाटते. मागच्या वर्षी आजींनी मधोमध घडी पाडली होती, त्याच्या आधी कडेला. काचेच्या कपाटात एकदा लावली की तशीच राहील, वर दिवा. पाच वर्षांनी काढली तर दोन तुकडे निघतील."

मी तिच्याकडं बघतच राहिले. मागच्या वर्षी मी घडी मोडत होते तेव्हा ही दारात उभी होती, कानात ते यंत्र, तोंडानं इंग्रजी. मला वाटलं होतं, बाईसाहेब पाणी प्यायला उठल्यात. मी कौशल्याला सांगत होते की घडी मागच्या वेळी कुठं होती, आणि कौशल्या हो हो म्हणत कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. ऐकत होती ती ही पोरगी.

रंगरावानं झुलीवर हात ठेवला. बैल होते त्या शेवटच्या पोळ्याला हौश्याच्या पाठीवर हीच झूल त्यानं घातली होती, आणि पुढच्याच बाजाराला जोडी विकायला त्यानंच नेली होती. तेव्हापासून पोळ्याला ट्रंक उघडली की त्याला दुकानात काम निघतं. मला ते ठाऊक आहे, त्याला वाटतं मला ठाऊक नाही. आज मात्र घुंगरमाळ त्याच्यासमोरच होती. त्यानं ती जराशी हलवली, आणि मग चपला घालून परत बाहेर गेला.

ऋषी म्हणाला, बाबा चिडले. मी म्हटलं, तू सायकल चालव.

रंगराव अर्ध्या तासानं आला. दोन्ही हातांत कागदात गुंडाळलेलं काही होतं. मागच्या बाल्कनीत न जाता तो सरळ दिवाणखान्यातल्या खिडकीशी गेला, जिथं समर्थच्या टॅबमध्ये खोटं झाड होतं. तिथं वाकून त्यानं कागद सोडला आणि दोन विटा मांडल्या. चांगल्या भाजलेल्या, पक्क्या. मग एकेक वीट हातानं हलवून बघितली, डगमगते का. नाही डगमगली.

"दत्तोबांना काय सांगणार आहेस?" मी विचारलं.

"सांगतो, आईनं दिली नाही."

"माझ्या नावावर?"

"तुझ्या नावाला ते घाबरतात," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

पुरणपोळी चांगली झाली होती. जरा गोड जास्त, पण वर्ध्याकडं तसंच असेल. मी दोन खाल्ल्या, यातच काय ते समजावं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या माहेराकडं लहान मुलांचा पोळा असतो, तान्हा पोळा म्हणतात. लाकडी बैल सजवून पोरं घरोघर नेतात. पाटावरचा तो बैल त्याचाच. तिच्या आजोबांनी सागवानात करून घेतलेला, तिच्या बापानं ओढलेला, मग तिनं. लग्नानंतर तिनं तो सुटकेसमध्ये कपड्यांखाली ठेवला होता, कारण या घरात तो कुठं ठेवायचा हे तिला विचारवलं नाही. दीड वर्ष एक बैल माझ्या घरात अंधारात उभा होता आणि मला पत्ता नाही. मी तिला म्हटलं, अगं, बैलाला जागा विचारायला या घरात लाजायचं असतं होय? मग समर्थला बोलावलं.

समर्थ आला. शेफालीनं त्याला कागदावर स्वतः काढून दाखवलं. खिडकीशी बसायला लाकडी बाक, बाकाखाली ट्रंक सरकेल एवढी उंची, पुढं दार नको, हवा खेळेल अशा फटींच्या पट्ट्या, आणि मागची भिंत पाण्याच्या नळापासून लांबची. समर्थनं मान डोलावली. विटांना वरून लाकडाचा रंग देतो म्हणाला, थीमला जुळेल. मी म्हटलं, विटेला विटेचा रंग असू दे, तू बाकाचं बघ.

दोन्ही झुली मी चांगला आठवडाभर रोज पंख्याखाली आणि जमेल तेव्हा बाल्कनीतल्या उन्हात ठेवल्या. एक पूर्ण सुटली. दुसरीचा खालचा कोपरा मात्र कुजला होता. तेवढा कापावाच लागला, नाही तर बुरशी वर चढली असती. कात्री मी स्वतः चालवली. सासूची शिलाई होती, पण ती असती तर तिनंही कापलं असतं. वाया गेलेलं कापून बाकीचं राखायचं, हेही तिचंच शिकवणं. कापलेल्या कोपऱ्यात वरच्या बाजूला हाताएवढं लाल कापड चांगलं निघालं, त्यावर तीन भिंगं आणि थोडा पिवळा गोट. ते मी बाजूला ठेवलं. कुणाला सांगितलं नाही.

भादव्यातली अमावस्या आली. तोवर बाक झाला होता आणि ट्रंक विटांवर बसली होती, तिच्या तळाला ऋषीनं दुकानातून आणलेला पत्र्याचा तुकडा ठोकलेला. रंगराव दुकानात गेला नाही. मातीची बैलजोडी त्यानंच आणली आणि पाटावर मांडली, आणि आतून शेफालीनं आपला लाकडी बैल आणून शेजारी उभा केला. मी पदराखालून त्या लाल तुकड्याची छोटी झूल काढली. दोन संध्याकाळी बसून शिवली होती, आतून अस्तर त्याच लुगड्याचं. लाकडी बैलाच्या पाठीवर घातली. शेपटीकडं जरा आखूड झाली.

शेफाली झुलीचा गोट बोटानं सारखा करत राहिली. मी म्हटलं, रडायचं असेल तर लांब जाऊन, पाणी लागलं की बुरशी येते.

नैवेद्य झाल्यावर घडी मोडायला घेतली. मी बाकावर बसले आणि कापड तिच्याकडं सरकवलं. यंदा तू मोड म्हटलं. तिनं घडी पाडली, मागच्या जागेच्या अगदी शेजारी. मी म्हटलं, उलगड. दुसऱ्यांदा पाडली ती वाकडी. मी म्हटलं, उलगड. रंगराव दारात उभा राहून बघत होता, त्यानं मधे तोंड घातलं, तर त्यालाही सांगितलं की तू घुंगरमाळेला एरंडेल लाव, बोटं मोकळी आहेत तुझी. तिसऱ्यांदा तिनं कडेपासून दीड वीत सोडून घडी पाडली, हात फिरवून बघितलं की भिंग घडीखाली येत नाही ना, आणि माझ्याकडं बघितलं.

मी वेखंडाची पुरचुंडी तिच्या हातात दिली आणि पोळ्या वाढायला कौशल्याला हाक मारली.